‘नाइस’ला अर्धा गुण कमी

मी इंग्रजीचा शिक्षक होतो. चौतीस वर्षे शिकवले. पहिली अकरा शहापूर तालुक्यात, उरलेली मुरबाड तालुक्यात. या सर्व काळात माझ्या वर्गात एक नियम होता. निबंधात ‘नाइस’ हा शब्द आला की अर्धा गुण कमी. दोनदा आला तर एक. एका मुलाने ‘माझी शाळा’ या निबंधात तो तेवीस वेळा लिहिला. निबंध दहा गुणांचा होता. बाकी सर्व निर्दोष धरूनही तो शून्याच्या खाली दीड गुण उतरला. पुढे तो सरपंच झाला.

नियमाचे कारण साधे होते. मुले लिहीत : गाय नाइस आहे, गायीचे शेपूट नाइस आहे, आई नाइस आहे, आईने केलेली भाजी नाइस आहे. अशा निबंधात गाय आणि भाजी यांत काही फरक उरत नाही. मी त्यांना सांगत असे, दिसले ते लिहा. मोजता येईल ते मोजा. कळले नसेल तर कळले नाही असे लिहा.

गुण देताना माझा वरचा आकडा सहा होता. दहापैकी सहा म्हणजे उत्तम. सात मी एकदाच दिले. सरळगावकडच्या एका मुलाने गायीवर लिहिले होते : ‘आमच्या गायीला एक शिंग आहे. दुसरे कोठे आहे ते कोणास माहीत नाही. ती डावीकडून लाथ मारते, म्हणून आम्ही उजवीकडून जातो.’ त्यात ‘नाइस’ नव्हता. मी भारावलो असे म्हणणार नाही, पण सात दिले. महिन्याभराने समजले की त्यांच्या घरी गाय नव्हती. त्यानंतर सात दिले नाहीत. तो मुलगा आता सरकारी दवाखान्यात गुरांचा डॉक्टर आहे.

या शब्दाची चौकशी मी आवश्यक तेवढी केलेली आहे. शहापूरच्या शाळेने दोन खंडांचा मोठा इंग्रजी कोश रद्दीत काढला, तेव्हा मी तो घरी आणला. पहिला खंड वाळवीने खाल्ला. त्यामुळे माझे ज्ञान ‘एम’पासून पुढे पक्के आहे. ‘नाइस’ दुसऱ्या खंडात येतो.

त्याचे मूळ लॅटिनमध्ये. तेथे त्या शब्दाचा अर्थ ‘ज्याला माहीत नाही तो’, म्हणजे अडाणी. तेथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि इंग्रजीत शिरला तो ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊन. त्या काळी एखाद्याला ‘नाइस’ म्हटले असते तर भांडण झाले असते. पुढे तो भपकेबाज कपडे घालणाऱ्यांना लावू लागले. मग बुजऱ्यांना. मग नाक मुरडणाऱ्या, चोखंदळ माणसांना. चोखंदळ माणूस बारीकसारीक फरक पाहतो, म्हणून पुढे ‘सूक्ष्म, नेमका’ असा अर्थ आला. आणि हा अर्थ अजून जिवंत आहे, बारीक भेदाला इंग्रज आजही हाच शब्द लावतात. शेवटी कंटाळून तो ‘छान’ झाला आणि तेथेच बसून राहिला. दुसऱ्या कोणत्याही विशेषणाने इतक्या खुर्च्या बदललेल्या मी पाहिलेल्या नाहीत. ज्याचा जन्म अडाणी म्हणून झाला, त्याला माझ्या वर्गात मुलांनी गुण मिळवायला पाठवावे, हे मला मान्य नव्हते.

निवृत्तीनंतर मी वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या घरी राहू लागलो. घरी पत्नी, मुलगा आणि सून. मुलगा मुरबाडच्या एका कारखान्यात जातो. गेल्या दसऱ्याला सुनेने घराच्या पडवीत खानावळ काढली. माळशेजकडे जाणारी वाहने दारावरून जातात, आणि थंडीत नाणेघाट चढायला येणारे लोक वैशाखऱ्यातच उतरतात. तांदळाची भाकरी, नागलीची भाकरी, वालाचे बिरडे, पिठले, गावठी कोंबडीचा रस्सा, भात. सहा टेबले. चोवीस खुर्च्या.

मुलाचे म्हणणे वेगळे होते. बदलापूरला खोली पाहून ठेवली होती. तेथून त्याला दुसरी नोकरी जवळ पडणार होती. नवराबायकोत असे ठरले की खानावळ होळीपर्यंत जम धरते का ते पाहायचे. धरला तर राहायचे. नाही तर बदलापूर. मुलगा तयारीचा माणूस आहे. त्याने कारखान्यातून पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणून दाराआड रचून ठेवली. मी सकाळी दार उघडले की ती खोकी दिसत. पत्नी रोज त्यांच्यावरची धूळ झटके, आणि मला ते आवडत नसे.

आता लोक खानावळीत वास घेऊन शिरत नाहीत. फोनमधल्या नकाशावर जागा शोधतात, तारे मोजतात आणि मगच गाडी थांबवतात. पाच तारे म्हणजे पैकीच्या पैकी. जेवून गेलेला माणूस तारे देतो आणि खाली दोन शब्द लिहितो. सुनेला दिवाळीपर्यंत बरेच तारे मिळाले होते. शब्द मात्र सर्वांचा एकच होता.

ती मला एका दुपारी फोन दाखवत म्हणाली, “मामा, बघा. नाइस. नाइस. व्हेरी नाइस. ह्यानं तर नुसता अंगठा दिलाय आन् नाइस लिवलंय.”

मी तिला शब्दाचा इतिहास सांगितला. लॅटिनपासून. तिने भाकरी थापता थापता ऐकला. तव्यावर तीन भाकऱ्या झाल्या तेव्हा मी चोखंदळापर्यंत आलो होतो.

“मंजे पयला येडा व्हता, आता सुदारला,” ती म्हणाली.

“तसे म्हणता येईल.”

“मंग आता त्याचं जुनं कशाला काढताव? सुदारलाय ना बिचारा.”

पत्नी माजघरातून म्हणाली, “त्यांना सुदारलेलं चालत नाय गो. लगीन झाल्यापासून माज्या भाजीला एकदा पन बरी म्हनले नाय. ‘मीठ आहे’ म्हनतात. मीठ हाय ते मला ठावं नाय का? मीच टाकलंय.”

मीठ आहे, हे विधान अचूक असे.

मग सून म्हणाली, “मामा, तुमीपण लिवा ना दोन शब्द. तुमचं इंग्लिश पक्कं. लोक वाचतील.”

मी होकार दिला. यापुढे जे झाले त्याची सुरुवात माझ्याकडून झाली, हे येथे नोंदवतो.

दोन दिवस मी वहीत मसुदा केला. मजकूर इंग्रजीत होता, भाषांतर देतो. ‘भाकरी तांदळाची असून वाजवी मर्यादेत गोल आहे. वाल सोललेले असतात. एकदा एका वालावर साल आढळली. पिठले मंगळवारी पातळ होते, बुधवारी सुधारले. रश्श्यात तुकडे किती येतील हे आधी सांगता येत नाही. पाणी थंड आहे. खुर्च्यांचे पाय समान लांबीचे आहेत.’ चुका तपासल्या. अर्धविराम एक बदलला. आणि दिले तीन तारे. पाचपैकी तीन म्हणजे दहापैकी सहा. याहून वर मी जात नसे. स्वतःच्या घरची खानावळ म्हणून जाणे तर अधिकच अयोग्य झाले असते.

सुनेने ते वाचले आणि विचारले, “तीन?”

“उत्तम आहे,” मी म्हणालो.

तिने पुन्हा फोनकडे पाहिले. मग आत जाऊन भांडी घासू लागली. भांडी घासलेली होती.

येथे थांबले असते तर निभावले असते. पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक गट आहे. शहापूर, कसारा, मुरबाड, सगळीकडचे. मीही त्यात आहे. त्या गटात कोणीही काहीही टाकतो. एकदा एकाने आपला बैल मेल्याचा फोटो टाकला. मी गटात आहे हे विसरून तिघांनी त्याखाली ‘नाइस’ लिहिले. मी तिघांचाही अर्धा-अर्धा गुण कापल्याचे कळवले. त्यानंतर त्या गटात तो शब्द कोणी लिहीत नाही.

सुनेने मला न विचारता माझ्या फोनवरून या गटाला विनंती केली : सरांच्या घरच्या खानावळीबद्दल सर्वांनी चार शब्द लिहावे. तिला वाटले, एवढे विद्यार्थी आहेत, सगळे पाच तारे देतील, माझे तीन त्यात बुडून जातील. हिशोब चुकीचा नव्हता. विद्यार्थी माझे होते, एवढेच.

त्यांनी आधी काय केले, तर माझा मजकूर उघडून वाचला. वर्गात मी एखादे उत्तर फळ्यावर लिहून देत असे, ते नमुन्याचे उत्तर. पुढच्या परीक्षेत सर्वांनी त्याच घाटाचे लिहायचे. त्यांना हे तसेच वाटले. पुढच्या आठ दिवसांत मुले एकेक करून येऊन जेवून गेली आणि घरी जाऊन लिहिती झाली. मुले म्हणतो, पण त्यांतल्या काहींना नातवंडे आहेत.

कसाऱ्याच्या रेल्वेतल्या विद्यार्थ्याने लिहिले : ‘भात शिजलेला होता. वरण गरम होते. पाणी मागितले, आणले.’ तीन तारे.

शहापूरच्या वकिलाने लिहिले : ‘मी एक वाजून दहा मिनिटांनी बसलो. ताट एक वाजून एकोणीस मिनिटांनी आले. फलकावर नऊ पदार्थ म्हटले आहेत. मीठ धरल्यास नऊ भरतात.’ तीन तारे.

मुरबाड-कल्याण जीप चालवणाऱ्याने लिहिले : ‘माशा दोन. त्यांतली एक पडवीच्या बाहेर होती.’ तीन तारे.

गुरांच्या डॉक्टरने लिहिले : ‘कोंबडी सकाळी नऊपर्यंत जिवंत आणि निरोगी होती. मी स्वतः तपासली. तिचे डोळे स्वच्छ होते.’ तीन तारे. गायीचा पूर्वानुभव असल्यामुळे मी सुनेला विचारून खात्री केली. कोंबडी खरोखर होती.

एसटीतल्या कंडक्टरने तर लिहिले : ‘ड्यूटीमुळे मला अद्याप येथे जेवता आलेले नाही. त्यामुळे मत देणे योग्य होणार नाही.’ आणि तीन तारे.

वाचताना मला, खरे सांगायचे तर, समाधान वाटले. एकानेही ‘नाइस’ लिहिला नव्हता. एकाचेही क्रियापद चुकले नव्हते.

मग कल्याणच्या एका गृहस्थाचा फोन आला. हा गृहस्थ थंडीत दर रविवारी चाळीसेक माणसे नाणेघाटावर नेतो आणि उतरल्यावर त्यांना कोठेतरी जेवायला घालतो. सुनेशी त्याचे बोलणे जवळपास ठरले होते. होळीपर्यंतचे सगळे रविवार. फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता. मी शेजारी होतो.

“ताई, तुमचं रेटिंग एकदम खाली आलंय,” तो म्हणाला. “पावणेपाच होतं, आता साडेतीन दाखवतंय. आणि हे काय लिहिलंय लोकांनी? कोंबडीचे डोळे? माझे लोक वाचतात ना हो. त्या पुढच्या लाइटच्या पाटीवाल्या हॉटेलला साडेचार आहे.”

“जेवन तेच हाय, दादा.”

“असेल. मी रविवारी येऊन बघतो. मग ठरवू.”

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुलगा संध्याकाळी आला. तिने त्याला सांगितले. तो दाराआडच्या खोक्यांतले एक काढून त्याचा तळ चिकटपट्टीने पक्का करू लागला. चिकटपट्टीचा आवाज फार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गटाला संदेश पाठवला. ‘सर्वांनी खानावळीचे तारे तीनऐवजी पाच करावेत.’ खाली सही केली.

उत्तरे लगेच आली.

‘सर, ओळखले.’

‘आमी फसणार नाय सर.’

‘सर, पैकीच्या पैकी फक्त गणितात, असे आपणच शिकवले आहे.’

याचेही मूळ माझ्याकडेच होते. वर्गात मी अधूनमधून फळ्यावर मुद्दाम चूक लिहीत असे. जो ती न विचारता वहीत उतरवून घेई, त्याला बाकावर उभे करीत असे. सर सांगतात म्हणून मान हलवायची नाही, ही सवय लागावी हा हेतू. सवय लागली होती. मी पुन्हा लिहिले की ही परीक्षा नाही. त्यावर वकिलाने लिहिले की परीक्षा नाही असे सांगणे हाही परीक्षेचा भाग असू शकतो. जीपवाल्याने आपण किती सावध आहोत हे दाखवण्यासाठी तिनाचे दोन केले.

पत्नीने विचारले, “काय म्हनतात पोरं?”

“ऐकत नाहीत.”

“चांगली शिकवलीत,” ती म्हणाली आणि खोक्यांवरची धूळ झटकायला गेली.

दुपारी खानावळ रिकामी होती. मी एका टेबलाशी जाऊन बसलो. एरवी मी घरात जेवतो. पडवीत गिऱ्हाइकासारखा कधी बसलो नव्हतो. सुनेने काही न विचारता ताट आणून ठेवले. बिरडे, भाकरी, कांदा. मी सावकाश जेवलो. नवा मजकूर लिहायचा तर निरीक्षण हवे. वाल सोललेले होते. साल एकावरही नव्हती. भाकरी गोल होती. नारळ बेताचा होता. मी मनात सगळे मांडून पाहिले आणि पुन्हा तीनच तारे आले. प्रत्येक विधान खरे होते आणि एकही पुरत नव्हते. ताटात आणखी काहीतरी होते. त्याला मोजमाप सापडेना. मी दुसरी भाकरी मागितली, तरी सापडेना.

“मीठ हाय ना?” सुनेने विचारले.

“आहे,” मी म्हणालो.

ती आत गेली. मी हात धुतले आणि फोन उघडला. माझा जुना मजकूर पुसला. अर्धविरामासह पुसला. मग लिहिले : ‘द फूड इज’. पुढे ‘एन’ दाबला. फोनने पुढचा शब्द स्वतःच सुचवला. मी तो स्वीकारला. पूर्णविराम दिला. पाच तारे दिले. खाली माझे नाव होते, ते बदलता येत नव्हते.

कोणीतरी त्याचा फोटो गटात टाकला, आणि त्यानंतर गटात शांतता झाली. रोज ‘शुभ दुपार’ची फुले टाकणाऱ्यांनीही त्या दिवशी काही टाकले नाही. साधारण तासाभराने पत्नीचा फोन वाजला. कंडक्टर होता. पत्नी माझ्यासमोरच बोलत होती.

“नाय रे, हायेत. समोरच बसल्यात… ताप नाय… जेवले, दोन भाकऱ्या… वळखतात, सगल्यांना वळखतात… मला काय म्हाईत, त्यांनाच विचार… नाय, पडले बिडले नाय कुठं.”

फोन ठेवून ती म्हणाली, “तुमी काय लिवलंत?”

मी सांगितले.

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, “अगो, बाहेर ये. त्यांनी नाइस लिवलंय.” मग माझ्याकडे वळून, “मला पन लिवाल काय एकदा?”

“तुझी खानावळ नाही,” मी म्हणालो.

रविवारी अकराच्या सुमारास शहापूरचा वकील मोटारसायकलवरून आला. सहज आलो, म्हणाला. शहापूरहून येथे कोणी सहज येत नाही. पाठोपाठ जीपवाला, जीपमध्ये अकरा जण. सगळे सहज आले होते. कसाऱ्याचा रेल्वेवाला आपल्या दोन वर्गबंधूंना घेऊन आला. मागून दुचाकींवरून आणखी तेरा-चौदा आले. कंडक्टर ड्यूटीवरच होता. त्याने गाडी दारात थांबवली, दारातूनच मला नीट पाहून घेतले, घंटी मारली आणि गेला. सर्वांनी मला नमस्कार केला आणि जरा वाकून डोळ्यांत पाहिले.

गुरांच्या डॉक्टरने पाहण्यावर भागवले नाही.

“सर, जीभ दाखवा,” तो म्हणाला.

“मी बरा आहे.”

“सगळे तेच सांगतात सर.”

“तुझे रोगी काही सांगत नाहीत.”

“म्हणूनच जीभ बघतो.”

मी जीभ दाखवली. त्याने डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, मनगट धरले, आणि सवयीने मानेखाली दोनदा थोपटले. मग सर्वांकडे वळून म्हणाला, “ठीक आहेत. खरंच लिहिलंय त्यांनी.”

त्यांना परत जाऊ देण्याचा प्रश्नच नव्हता. सुनेने तोवर पिठाची परात पुढे ओढली होती. पत्नी भाकऱ्या भाजायला बसली. मुलाला सुट्टी होती. तो वाढू लागला. चोवीस खुर्च्या भरल्या. उरलेले ओट्यावर बसले. वकिलाने घड्याळ काढून ठेवले होते, ते मी त्याला खिशात ठेवायला सांगितले.

कल्याणचा गृहस्थ या वेळी आला. त्याला बसायला जागा नव्हती. तो पडवीच्या कडेला उभा राहून गर्दीकडे पाहत होता. जवळ पत्नी होती, तिला त्याने विचारले, “आज काय कार्यक्रम आहे का, मावशी?”

“नाय वो. मास्तर आजारी हायेत का ते बघायला आल्यात.”

“अरे, काय झालं त्यांना?”

“चांगलं बोल्ले.”

मग जीपवाल्याने त्याला आपली खुर्ची दिली आणि खुर्ची हलत नाही हे स्वतः दाखवून दिले. सुनेने ताट आणले. तो जेवत असताना आजूबाजूचे सगळे जण जेवणे थांबवून त्याच्याकडे पाहत होते. निरीक्षणाची सवय. त्याने बिरडे पुन्हा घेतले. भाकरी तिसरी घेतली. रस्सा वाटी कलंडून संपवला. मग हात पुसत सुनेला म्हणाला, “ताई, नाइस.”

चाळिशी-पन्नाशीतली तीसएक माणसे एकदम माझ्याकडे पाहू लागली. त्यांना वाटले असावे, आता अर्धा जाणार.

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

मग सगळे पुन्हा जेवू लागले.

त्याने होळीपर्यंतचे रविवार ठरवले. चाळीस ताटे, दुपारी दोनला. होळीनंतर उन्हाचे कोणी चढत नाही, पण पावसाळ्यात पुन्हा येऊ म्हणाला. म्हणाला तसे लिहितो. हमी देत नाही.

त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी तारे दुरुस्त केले. बहुतेकांनी चार दिले. पाच देण्याची सवय नसल्यामुळे हात वळला नसावा. जीपवाल्याने दोनचे चार करताना खाली कारण दिले : ‘पूर्वीचा गुण सावधगिरीचा होता.’ कंडक्टरने सुट्टीच्या दिवशी येऊन जेवण केले आणि मत मांडण्याचा अधिकार प्राप्त झाल्याचे नमूद केले. डॉक्टरने मात्र पाच दिले. लिहिले : ‘जेवण नाइस आहे. सरांची जीभ गुलाबी आहे.’ पहिल्या वाक्यासाठी त्याचा अर्धा गुण कापायला हवा होता. मी कापला नाही. तो सातवाला आहे.

मुलाने दाराआडची खोकी बाहेर काढली तेव्हा मी ओट्यावर होतो. त्याने ती पडवीत नेली. तळ पक्का केलेल्या खोक्यात सुनेने कांदे भरले, दुसऱ्यात बटाटे. उरलेली पत्नीने चुलीशेजारी सरपणावर टाकली. दाराआड आता झाडू असतो.

एक गोष्ट बाकी होती. नियम माझा होता आणि तो मी मोडला होता. चौतीस वर्षे इतरांचा अर्धा गुण कापल्यावर स्वतःचा सोडणे बरे दिसत नाही. पण फोनमध्ये अर्धा तारा देता येत नाही. मी प्रयत्न केला. म्हणून त्या संध्याकाळी जेवताना मी ताटातली दुसरी भाकरी मोडली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली.

सुनेने पाहिले. “का, मामा? करपलीय काय?”

“नाही.”

“मंग?”

“नियम आहे.”

तिने पत्नीकडे पाहिले. पत्नीने खांदे उडवले. सुनेने ती अर्धी भाकरी टोपलीतून काढली आणि पुन्हा माझ्या ताटात ठेवली.

“तुमचा नियम पडवीत,” ती म्हणाली. “ह्ये माजघर हाय.”

मी ती खाल्ली. मीठ होते.